कुलवृत्तांत जुन्या हार्ड डिस्कमध्ये अडकला तेव्हा

पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाल्यावर काका कुलवृत्तांताच्या मागे लागले. आमच्या घराण्याचा शेवटचा छापील कुलवृत्तांत आजोबांच्या पिढीचा आहे. त्यात काका स्वतः सहा महिन्यांचे आहेत. तो पुढे आणायचा म्हणजे कोकणातून घाटावर आलेल्या, तिथून शिंदे-होळकर-गायकवाडांच्या मागे ग्वाल्हेर, इंदूर, बडोद्याला गेलेल्या आणि आता न्यू जर्सीपर्यंत पांगलेल्या सगळ्या शाखांना गाठायचं, त्यांच्याकडून माहितीचे फॉर्म भरून घ्यायचे, 'सूनबाईंचं माहेरचं नाव राहिलं' म्हणून पुन्हा मागे लागायचं. हे सगळं ईमेलवर चाललेलं. आणि ते ईमेल सांगलीच्या घरातल्या एका डेस्कटॉपवर, थंडरबर्ड नावाच्या मेलच्या प्रोग्राममध्ये. त्या डेस्कटॉपची हार्ड डिस्क गेली.

गेली म्हणजे एका दिवसात नाही. आधी विंडोज सुरू व्हायला चहा करून, पिऊन होईल एवढा वेळ लागायला लागला, मग आतून टक्-टक् आवाज यायला लागला. काकांनी डबडं उचलून दुकानात नेलं. तिथल्या मुलाने जुनी डिस्क काढून एसएसडी ही नव्या प्रकारची डिस्क बसवली, विंडोज ७ च्या जागी विंडोज १० टाकलं, आणि डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, फोटो असा 'सगळा डेटा' नव्या डिस्कवर घालून दिला. जे कॉपी झालं नाही ते सोडून दिलं. थंडरबर्डही टाकलं, काकांच्या डायरीतून पासवर्ड घेतला, मेल आले. काम झालं. जुनी डिस्क मात्र काकांनी मागून घेतली. बदललेला पार्ट दुकानात ठेवून यायचा नाही, ही स्कूटरच्या काळापासूनची सवय. त्या सवयीमुळेच पुढचं सगळं शक्य झालं, नाहीतर सांगण्यासारखं काही उरलंच नसतं.

घरी आल्यावर काकांचा फोन. "अगं, गेल्या पंधरवड्याचेच मेल दिसतायत. आधीचे कुठे आहेत? आणि अ‍ॅड्रेस बुक तर कोरंच आहे."

पंधरवडा हा शब्द ऐकला आणि काय झालं असणार ते लक्षात आलं. काकांचं खातं पीओपी पद्धतीचं. या पद्धतीत मेल सर्व्हरवरून आपल्या यंत्रावर उतरतो आणि तोच खरा मेल होतो; सर्व्हरवरची प्रत काही काळाने पुसली जाते. थंडरबर्डमध्ये पीओपी खातं उघडलं की मूळ सेटिंगच असतं, सर्व्हरवर जास्तीत जास्त १४ दिवस ठेव. त्यामुळे नव्या यंत्राला सर्व्हरने जेवढे होते तेवढे दिले. त्याआधीचे, काकांनी वर्षानुवर्षं जपलेले मेल, 'इंटरनेटवर' कुठेच नव्हते. ते फक्त त्या टक्-टक् करणाऱ्या डिस्कवर होते. आयमॅप ही दुसरी पद्धत असती तर सगळं सर्व्हरवरच राहिलं असतं आणि दुकानातून घरी येईपर्यंत परत उतरलंही असतं. पण काकांनी खातं उघडलं तेव्हा सर्व्हरवर जागाच मोजकी मिळायची, पीओपीशिवाय गत्यंतर नव्हतं.

दुकानातल्या मुलाला दोष देण्यात मला फारसा अर्थ वाटत नाही. लोक ज्याला 'माझा डेटा' म्हणतात ते त्याने घातलं. थंडरबर्डचे मेल डॉक्युमेंट्समध्ये नसतातच. ते असतात यूजर्समध्ये आपल्या नावाचा फोल्डर, त्यात अ‍ॅपडेटा, त्यात रोमिंग, मग थंडरबर्ड, मग प्रोफाइल्स, आणि आत कुठल्यातरी आठ निरर्थक अक्षरांनी सुरू होणाऱ्या फोल्डरमध्ये. त्यातला अ‍ॅपडेटा विंडोज मुळातच लपवून ठेवतं. बघणाऱ्याला ते दिसतच नाही, तर तो कॉपी काय करणार?

मी फोनवर एवढंच सांगितलं की ती डिस्क कशालाही जोडू नका, कोणालाही देऊ नका, आणि शनिवारी सांगलीला गेले.

साडेतीन इंची डिस्क नुसत्या यूएसबी केबलवर चालत नाही, तिला १२ व्होल्ट लागतात. त्यामुळे वेगळा अ‍ॅडॉप्टर असलेला डॉक, म्हणजे डिस्क बाहेरून जोडायचं खोकं, नेलं होतं. सोबत उबंटूचा, म्हणजे विंडोजऐवजी चालवता येणाऱ्या लिनक्सचा, पेनड्राइव्ह आणि एक टेराबाइटची रिकामी बाहेरची डिस्क. जुनी पाचशे जीबीची होती, म्हणजे तिची अख्खी प्रतिमा, हुबेहूब प्रत, मावायला हवी. काकांना वाटत होतं मी ती लावीन, फोल्डर उघडीन आणि मेल ओढून घेईन. त्यांना समजावून सांगावं लागलं की मरायला टेकलेल्या डिस्कवर शोधाशोध करत बसायचं नसतं. प्रत्येक वाचनाबरोबर तिचं आयुष्य कमी होतं. म्हणून आधी सगळी डिस्क जशीच्या तशी, वाचता येईल तेवढी, दुसरीकडे उतरवायची आणि मग शोधायचं ते त्या प्रतीत. विंडोजमध्ये लावली तर आणखी एक धोका असतो. फाइल सिस्टीम नीट वाचता आली नाही की विंडोज सरळ विचारतं, ही डिस्क वापरण्यापूर्वी फॉरमॅट करायची का? किंवा चेकडिस्क हा डिस्क तपासायचा प्रोग्राम चालवायला सुचवतं, आणि ते दुरुस्तीच्या नावाखाली आजारी डिस्कवर लिहायला लागतं. या दोन्हींना नाहीच म्हणायचं. मी नव्या विंडोजमध्ये ती डिस्क लावलीच नाही.

उबंटू पेनड्राइव्हवरूनच चालू केलं आणि डीडीरेस्क्यू हा खराब डिस्कची प्रत काढणारा प्रोग्राम लावला. या कामासाठी याहून चांगलं साधन मला माहीत नाही, आणि ते फुकट आहे. त्याची पद्धत शहाणी आहे. पहिल्या फेरीत ते सोपा भाग भराभर उचलतं. जिथे डिस्क अडखळते तिथे डोकं न आपटता पुढे निघून जातं आणि ती जागा एका नकाशाच्या फाइलमध्ये टिपून ठेवतं. नंतरच्या फेऱ्यांत फक्त त्या जागांकडे परत येतं, कडेकडेने कुरतडत आत जातं. वीज गेली, केबल हलली, तरी नकाशा असल्याने काम सोडलं तिथून पुढे सुरू होतं. सांगलीत त्या रात्री वीज गेलीच. पुन्हा चालू केलं, आणि ते मुकाट्याने पुढे सरकलं.

काकांना ते काळ्या पडद्यावरचे आकडे भलतेच आवडले. वाचलेला भाग, चुकलेला भाग, वेग, राहिलेला वेळ. धरणाच्या पाणीपातळीचे आकडे बघितल्यासारखे ते चष्मा लावून समोर बसले होते. डिस्कच्या मधल्या भागात वेग पार आटला, बाइट मोजता येतील इतका. "आता दरवाजे बंद," म्हणाले आणि झोपायला गेले. सकाळी टक्का ९९ च्या पुढे होता, उरलेल्या जागा तुटक-तुटक आणि बारीक. दुपारपर्यंत आणखी फेऱ्या मारू दिल्या आणि थांबवलं.

इथे एक युक्ती सांगते, कारण ती मला फार उपयोगी पडली. जे तुकडे वाचता आलेच नाहीत तिथे प्रतिमेत काही नसतं. डीडीरेस्क्यूला सांगता येतं की त्या नेमक्या रिकाम्या जागांत मी देते तो मजकूर भर. मी एक असा शब्द दिला जो काकांच्या कुठल्याही फाइलमध्ये असणं शक्य नाही. मग ती प्रतिमा फक्त-वाचन पद्धतीने जोडली आणि सगळ्या फाइलींत तो शब्द शोधला. ज्या फाइलमध्ये सापडेल ती जखमी. निघाल्या त्या बहुतेक विंडोजच्याच फाइली, ज्यांची आता कुणालाच गरज नव्हती; एका लग्नाचे थोडे फोटो; आणि थंडरबर्डची इनबॉक्स फाइल, दोन ठिकाणी. नेमकी तीच.

उबंटूतून बघण्याचा एक फायदा असाही की जुन्या विंडोजमधल्या दुसऱ्या यूजरच्या फोल्डरला 'तुम्हाला परवानगी नाही' वगैरे आडवं येत नाही. सरळ प्रोफाइलपर्यंत, म्हणजे थंडरबर्ड आपलं सगळं ठेवतं त्या फोल्डरपर्यंत, गेले. तिथे 'मेल' नावाच्या फोल्डरमध्ये सर्व्हरच्या नावाचा फोल्डर, आणि त्यात इनबॉक्स, सेंट अशा फाइली. पुढे टिंब नाही, एक्स्टेन्शन नाही, काही नाही. शेजारी त्याच नावाची एमएसएफ एक्स्टेन्शनची छोटी फाइल असते, ती नुसती अनुक्रमणिका. खरे मेल त्या बिनशेपटीच्या फाइलीत, एकाखाली एक, साध्या मजकुरात लिहिलेले असतात. ही एमबॉक्स नावाची जुनी युनिक्सची रीत. मेलचा फोल्डर म्हणजे एक लांबच लांब फाइल. त्यामुळे मध्ये चार-दोन सेक्टर, म्हणजे डिस्कवरचे छोटे तुकडे, गेले तरी तेवढ्या जागेचे मेल जातात, पुढचे-मागचे वाचतात. एकाच बंदिस्त डेटाबेसमध्ये सगळं ठेवणाऱ्या प्रोग्रामच्या बाबतीत एवढी खात्री देता येत नाही.

'लोकल फोल्डर्स' मध्ये आणखी जुना थर निघाला. एक्सपीच्या काळात काका आउटलुक एक्सप्रेस वापरायचे; ते मेल कधीतरी त्यांनी स्वतः थंडरबर्डमध्ये घेऊन ठेवले होते. हे बरं झालं. आउटलुक एक्सप्रेसच्या डीबीएक्स फाइली आज उघडत बसणं म्हणजे वेगळाच उपद्व्याप, कारण तो प्रोग्राम विंडोज ७ वरसुद्धा चालत नव्हता.

आता नव्या थंडरबर्डमध्ये हे आणायचं कसं. अख्खं जुनं प्रोफाइल उचलून नव्याच्या जागी ठेवणं हा सरळ मार्ग, आणि दोन्हीकडे आवृत्ती जवळपासची असेल तर तोच करावा. खाती, पासवर्ड, फिल्टर सगळं येतं. पण काकांनी अपडेट कधीच बंद करून ठेवले होते, त्यांचं थंडरबर्ड ६० होतं. एवढ्या जुन्या प्रोफाइलवर आजची आवृत्ती चढवण्यापेक्षा मी वेचून आणायचं ठरवलं. थंडरबर्ड बंद केलं, जुन्या इनबॉक्सच्या फाइलला वेगळं नाव देऊन ती नव्या लोकल फोल्डर्समध्ये टाकली, एमएसएफ मुद्दाम आणली नाही, पुन्हा चालू केलं. त्याने स्वतःच नवी अनुक्रमणिका बांधली. उपफोल्डर एसबीडी एक्स्टेन्शनच्या फोल्डरमध्ये असतात, ते तसेच उचलायचे.

मेल दिसायला लागले. काकांनी चष्मा वर केला, पुसला. "ग्वाल्हेरच्या अण्णांचा मेल शोध. त्यांनी वंशावळ पाठवली होती." शोधला, नव्हता. "मीच कधीतरी पुसला असेल," काका म्हणाले, "जागा भरली होती म्हणून."

पण फाइल होती तीन जीबीच्या वर, आणि दिसणाऱ्या मेलांची बेरीज तिच्या जवळपासही जात नव्हती. थंडरबर्डमध्ये मेल डिलीट करून कचरापेटी रिकामी केली तरी तो फाइलमधून लगेच जात नाही. त्याच्या माथ्यावरच्या एका ओळीत चार आकडी खूण असते. तिच्यात 'हा गेलेला समज' एवढी नोंद होते. खरं पुसलं जातं ते फोल्डर 'कॉम्पॅक्ट' केल्यावर. थंडरबर्ड अधूनमधून विचारतं, कॉम्पॅक्ट करू का? काका प्रत्येक वेळी नाही म्हणायचे, कारण त्यांना तो प्रश्न कळायचा नाही, आणि न कळणाऱ्या प्रश्नाला नाही म्हणावं असा सरकारी नोकरीतला शिरस्ता. मी फाइलची एक प्रत घेतली, ती खूण शोधून एकगठ्ठा बदलली, आणि पुसलेले सगळे मेल उठून बसले. अण्णांची वंशावळ आली. तिच्याबरोबर सोळा कोटींच्या लॉटऱ्या, नायजेरियातले राजपुत्र, आणि पतपेढीच्या ठेव योजनाही आल्या. ते निस्तरायला काकांना बराच वेळ लागला, पण त्यांनी ते आनंदाने केलं.

वंशावळ उघडली तर अक्षरांऐवजी कंस, स्वल्पविराम आणि इंग्रजी अक्षरांची खिचडी. काकांचा चेहरा उतरला. त्यांना वाटलं डिस्कने खाल्ली. ती शाबूत होती. अण्णांनी ती युनिकोड, म्हणजे प्रत्येक लिपीच्या अक्षरांना स्वतंत्र क्रमांक देणारी आजची पद्धत, सर्रास वापरात येण्याआधीच्या काळात, शिवाजी का किरण अशा जुन्या मराठी फॉन्टमध्ये टाइप केली होती. त्या फॉन्टमध्ये इंग्रजी अक्षरांच्याच जागी मराठी आकार बसवलेले असतात. फॉन्ट नसला की खालची इंग्रजी अक्षरं उघडी पडतात. हे फॉन्ट काकांच्या जुन्या विंडोजमध्ये होते, नव्यात नव्हते. मेल परत आणायचे म्हणून सगळे मेलच्या फोल्डरकडे बघतात, पण मराठी माणसाने जुन्या डिस्कवरचा विंडोजमधला फॉन्ट्स फोल्डरही आधी वाचवावा, असं माझं स्पष्ट मत आहे. तिथून श्रीलिपीपासून सगळे उचलले, नव्या यंत्रावर बसवले, आणि वंशावळ वाचता आली. नंतर ती कन्व्हर्टरने युनिकोडमध्ये आणली. त्यात रफार आणि पहिली वेलांटी हमखास इकडची तिकडे होते, त्यामुळे नावं डोळ्यांनी तपासावी लागली.

संपर्क हे वेगळंच प्रकरण. काकांची समजूत अशी की मेल आले की पत्ते त्यांच्या मागून येतातच. ते मेलमध्ये नसतात, प्रोफाइलमध्ये वेगळ्या फाइलीत असतात. २०२० साली ७८ वी आवृत्ती आली, तोवर ते एमएबी एक्स्टेन्शनच्या दोन फाइलींत असायचे: एकीत आपण स्वतः लिहिलेले, दुसरीत आपण ज्यांना मेल पाठवला त्यांचे आपोआप गोळा झालेले. नोटपॅडमध्ये उघडून पाहिलं तर इंग्रजी पत्ते वाचता येतात, पण देवनागरी नावांच्या जागी नुसती डॉलरची चिन्हं आणि आकडे. तेही बिघडलेलं नसतं. एकेका देवनागरी चिन्हाचे तीन-तीन बाइट तिथे असे लिहून ठेवलेले असतात. नव्या थंडरबर्डच्या इम्पोर्टमध्ये या जुन्या प्रकारच्या फाइलीचा पर्याय आहे. दोन्ही घेतल्या, नावं जशीच्या तशी मराठीत आली.

आपोआप गोळा झालेली फाइल लोक फेकून देतात. आमच्याकडे तिचाच उपयोग जास्त झाला, कारण काका स्वतः होऊन पत्ता लिहून ठेवणाऱ्यांतले नाहीत. 'उत्तर द्या' दाबायचं, झालं. त्यामुळे बडोद्याची अख्खी शाखा फक्त त्या दुसऱ्या फाइलीत होती.

मग काकांना छापील यादी हवी झाली. सीएसव्ही, म्हणजे स्वल्पविरामांनी रकाने पाडलेली साधी मजकुराची फाइल, काढली, आणि काकांनी ती मी चहा टाकेपर्यंत डबल क्लिक करून एक्सेलमध्ये उघडली. नावांचा चिवडा झाला, सांगलीच्या ०२३३ मधलं शून्य गायब, आणि देशाच्या कोडसकट लिहिलेले मोबाइल नंबर दशांश आणि ई असलेले वैज्ञानिक आकडे होऊन बसले. सेव्ह करू नका, असं मी स्वयंपाकघरातूनच ओरडले. सीएसव्ही एक्सेलमध्ये डबल क्लिकने उघडायची नाही. डेटा टॅबमधून मजकूर म्हणून आयात करायची, तिथे यूटीएफ-८ ही युनिकोड मजकूर लिहायची पद्धत निवडायची आणि फोनच्या रकान्याला 'टेक्स्ट' सांगायचं. फोनमध्ये न्यायचे असतील तर त्यापेक्षा व्हीकार्ड हा संपर्कांच्या फाइलीचा प्रकार बरा.

अर्धे पत्ते तसे मेलेलेच होते. व्हीएसएनएलच्या काळातले, बंद पडलेल्या कंपन्यांच्या ऑफिसचे. पण लोक मेलखाली सही करतात, आणि सहीखाली लँडलाइन असते, गल्ली असते, कधी मुलाचा पत्ता असतो. ज्यांचा पत्ता मेला त्यांचे जुने मेल उघडून आम्ही सह्या वाचत गेलो आणि फोन लावत गेलो. मी मयत माणसांच्या नोंदी काढून टाकू लागले तेव्हा मात्र काकांनी हात धरला. "कुलवृत्तांतात मेलेले काढत नाहीत. पुढे कैलासवासी लिही आणि राहू दे." लिहिलं. आता थंडरबर्डमध्ये काही अक्षरं टाइप केली की कैलासवासी मंडळींचे पत्ते आपणहून सुचवले जातात, त्याला इलाज नाही.

एवढं झाल्यावर खातं आयमॅपवर घेतलं आणि जुना साठा जीमेलवर चढवायचा ठरवला. थंडरबर्डमध्ये दोन्ही खाती उघडून फोल्डर इकडून तिकडे ओढला की मेल मूळ तारखांसकट जातात. फक्त घाई करायची नाही; आयमॅपने दिवसाला ५०० एमबीच चढवता येतात, त्यापुढे गूगल थांबवतं. काकांनी कागदावर तक्ता आखला, रोज एका वर्षाचे मेल, चढले की बरोबरची खूण. एक प्रत बाहेरच्या डिस्कवर आहे, ती माझ्याकडे पुण्यात. जुनी डिस्क काकांच्याच कपाटात.

जखमी जागा दोन. एक कुठल्याशा बिलाच्या मेलवर पडली होती, तिचं काही नाही. दुसरी इंदूरकरांनी पाठवलेल्या माहितीच्या फाइलवर. वर्डने ती उघडायला नकार दिला, लिब्रेऑफिसने उघडली, पण मधली एक पिढी जवळजवळ सगळी कचरा. काकांनी इंदूरला फोन करून विचारलं, तुमच्याकडची मूळ फाइल पुन्हा पाठवता का? पलीकडून उत्तर आलं की त्यांचाही कॉम्प्युटर मध्यंतरी गेला, आणि ते आम्हालाच विचारणार होते. जेवढी वाचली तेवढी त्यांना पाठवली आहे. मधल्या पिढीतल्या एक आत्या देवासला असतात, त्यांच्याकडून नावं लिहून घ्यायला इंदूरकर पुढच्या महिन्यात जाणार आहेत.